डेटाबेसचा सातबारा काढलाय कधी?

फेस्ट संपतो, टीम बदलते, सिनिअर्स पास होऊन नोकरीला लागतात. पण त्यांना दिलेल्या किल्ल्या कुठे जातात? त्या कुणाकुणाकडे आहेत हे एका ओळीत कळतं. फक्त ती ओळ कुणी टाइप करत नाही.

रात्री साडेदहाला कॉलेजमधल्या एका ज्युनिअरचा फोन आला. "ताई, तू फेस्टच्या पीआर टीमला होतीस ना? एक विचारायचंय." आवाज रडवेला. तीन-चार दिवस तिला एका अनोळखी नंबरवरून मेसेज येत होते. समोरच्याला तिचं नाव माहीत, वर्ग माहीत, तिने सोलो डान्सला नाव दिलंय हेही माहीत. आधी तिला वाटलं, कुणी मित्रच मस्करी करतोय. पण सिमकार्ड नवं होतं. तो नंबर घरचे सोडून तिने एकाच ठिकाणी दिला होता. फेस्टच्या रजिस्ट्रेशन फॉर्मवर.

"तो फॉर्म कुणाकुणाला दिसतो गं?"

"टेक टीमला दिसत असेल," असं म्हणून मी तिला धीर दिला, नंबर ब्लॉक कर, स्क्रीनशॉट ठेव, घरी सांग वगैरे. फोन ठेवला आणि मग मला आठवलं. एसवायला असताना मला पोस्टर्ससाठी इव्हेंटनुसार नावांची यादी हवी होती. रोज टेक टीमच्या दादाच्या मागे लागायचे, दादा एक्सेल दे ना, दादा एक्सेल दे ना. शेवटी तो वैतागला आणि त्याने थेट डेटाबेसचं एक अकाउंटच काढून दिलं. "घे, तुझी तू बघ." यूजरनेम, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता, तिन्ही एका व्हॉट्सॲप मेसेजमध्ये. मी तो मेसेज स्टार करून ठेवला होता. अजूनही होता.

माझी रूममेट हिंजवडीत एका कंपनीत डेटाबेस सपोर्टला आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी तुमच्या सध्याच्या टेक हेडला फोन कर, त्याला सांगून मग लॉगिन चालतंय का बघ." टेक हेड म्हणजे एसवायचा एक मुलगा. तो म्हणाला, "ताई, ते अकाउंट कधीच बंद झालं असणार. पण बघा."

बंद झालेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीचा पासवर्ड टाकला आणि मी आपल्या पलंगावर बसून, सर्दी झालेली, हातात कॉफी, थेट या वर्षीच्या फेस्टच्या डेटाबेसमध्ये.

दोन ओळी

मी काही उघडून बघायच्या आत रूममेट म्हणाली, "थांब. टेबल उघडू नकोस. आधी फक्त विचार, तुझ्या नावावर काय काय आहे." तिने दोन शब्द टाइप करायला सांगितले: शो ग्रँट्स. पुढे अर्धविराम, एंटर.

उत्तरात दोन ओळी आल्या. मराठीत सांगायचं तर पहिली म्हणत होती, 'पीआर या यूजरला चांदणी-टिंब-चांदणीवर युसेज.' दुसरी म्हणत होती, 'पीआर या यूजरला फेस्ट-टिंब-चांदणीवर ऑल प्रिव्हिलेजेस.'

मला पहिली ओळ भारी वाटली आणि दुसरी साधी. खरं उलटं होतं. चांदणी-टिंब-चांदणी म्हणजे सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस आणि त्यातली सगळी टेबलं, हे बरोबर. पण 'युसेज' म्हणजे शून्य अधिकार. फक्त दारातून आत येता येतं, बाकी काही नाही. मायएसक्यूएलमध्ये सर्व्हरभराचे अधिकार नसलेल्या प्रत्येक अकाउंटला ही ओळ असते. घाबरायचं दुसऱ्या ओळीला. फेस्ट नावाच्या डेटाबेसमधलं प्रत्येक टेबल मी वाचू शकत होते, त्यात भर घालू शकत होते, बदलू शकत होते, पुसू शकत होते. टेबलच्या टेबल उडवून टाकू शकत होते. मला हवी होती इव्हेंट आणि नावांची यादी. मिळालं होतं अख्खं शेत.

शेत म्हटल्यावर मला आमचे आजोबा आठवले. जमीन विकायची नाही, कर्ज काढायचं नाही, तरी दरवर्षी तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढायचे. लहानपणी मला कळायचं नाही, आपलीच जमीन, आपलंच नाव, बघायचं काय त्यात? ते म्हणायचे, आपलं नाव बघायला नाही जात, दुसऱ्या कुणाचं चढलंय का ते बघायला जातो. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशिवाय 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. कूळ, बँकेचा बोजा, विहिरीतला वाटा, सगळं तिथे. भानगडी बहुतेक त्याच रकान्यात निघतात.

'शो ग्रँट्स' हा डेटाबेसचा सातबारा आहे. आणि आपण सगळे इतर हक्कांचा रकाना न बघता शेत कसतोय.

पीआर एक नाही, दोन असू शकतात

त्या आठवड्यात सरांची परवानगी घेऊन आम्ही तिघं कॉलेजच्या लॅबमध्ये बसलो. मी, रूममेट आणि टेक हेड. त्याचा लॅपटॉप, त्याचं रूट अकाउंट. स्वतःचे अधिकार कुणीही बघू शकतं. दुसऱ्याचे बघायचे तर मायएसक्यूएलच्या स्वतःच्या डेटाबेसमधलं वाचायचा अधिकार लागतो, आणि तो रूटकडे असतो.

पहिलं काम, खातेदार किती ते मोजणं. 'मायएसक्यूएल' याच नावाचा एक डेटाबेस प्रत्येक सर्व्हरमध्ये असतो, त्यात 'यूजर' नावाचं टेबल. त्यातून यूजर आणि होस्ट हे दोन कॉलम मागवले. 14 ओळी आल्या.

टेक हेड घाबराच झाला. "हा इन्फोस्कीमा कोण? आणि डेबियन-सिस-मेंट? हॅक झालंय का आपलं?" रूममेट हसली. मायएसक्यूएल-टिंब असं नाव लागलेली तीन अकाउंट्स सॉफ्टवेअरची स्वतःची असतात, ती मुळात कुलूपबंद असतात. डेबियनवालं उबंटूवर मायएसक्यूएल टाकलं की येतं. त्यांना हात लावायचा नाही. रूट धरून ही पाच झाली. उरली नऊ.

नऊपैकी एक वेबसाइटचं स्वतःचं. पाच माणसांची, त्यातलं एक माझं. आणि तीन अशी की ज्यांचा बाप कोण ते कुणालाच माहीत नाही: टेस्ट, टेस्ट2 आणि टेम्प.

इथे एक गोष्ट मला नव्यानेच कळली. मायएसक्यूएलमध्ये नुसतं नाव म्हणजे अकाउंट नाही. नाव आणि कुठून येतोय तो पत्ता, दोन्ही मिळून अकाउंट. लोकलहोस्टवरून येणारा टेस्ट वेगळा, कुठूनही येणारा टेस्ट वेगळा. दोघांचे पासवर्ड वेगळे, अधिकार वेगळे. 'कुठूनही'साठी % हे चिन्ह असतं. आणि 'शो ग्रँट्स फॉर टेस्ट' असं पत्ता न लिहिता विचारलं तर सर्व्हर % धरूनच उत्तर देतो. म्हणजे तुम्ही एका टेस्टचा सातबारा बघून निर्धास्त, आणि दुसरा बाजूला बसलेला. म्हणून आधी पूर्ण यादी काढायची, मग एकेकाला पत्त्यासकट विचारायचं.

विचारत गेलो. आमच्या नऊच्या नऊ अकाउंट्सच्या पत्त्याच्या जागी % होतं. वेबसाइटच्या अकाउंटकडेही ऑल प्रिव्हिलेजेस, तेही चांदणी-टिंब-चांदणीवर. हे बघून रूममेटने कपाळाला हात लावला. वेबसाइट काय करते? फॉर्म भरून घेते, म्हणजे इन्सर्ट. तो परत दाखवते, म्हणजे सिलेक्ट. चूक दुरुस्त करू देते, म्हणजे अपडेट. बस. टेबल उडवायचा अधिकार तिला कशाला? आणि सर्व्हरवरच्या फायली वाचायचा-लिहायचा 'फाइल' नावाचा अधिकार तर नकोच नको. वेबसाइटमध्ये कुणाला एक भोक सापडलं तर तो त्या अकाउंटच्या सगळ्या अधिकारांसकट आत येतो.

टेम्पच्या ओळीच्या शेवटी आणखी तीन शब्द होते: विथ ग्रँट ऑप्शन. म्हणजे टेम्प स्वतःचे अधिकार दुसऱ्यांना वाटू शकत होता. किल्लीवरून किल्ली बनवणारा माणूस.

काळी स्क्रीन बघून ज्यांना धडकी भरते (मला भरते) त्यांनी पीएचपीमायॲडमिन उघडावं. वर 'यूजर अकाउंट्स' अशी टॅब असते, तिथे हीच यादी तक्त्यात दिसते. पोस्टग्रेस वापरत असाल तर उलटी तिरकी रेघ आणि पुढे डीयू लिहिलं की सगळे यूजर, डीपी लिहिलं की टेबलवरचे अधिकार. ओरॅकलमध्ये 'सेशन प्रिव्ह्ज' नावाच्या यादीत तुमच्या चालू लॉगिनचे अधिकार मिळतात. नावं वेगळी, प्रश्न तोच.

जुनं जातच नाही

मला एक कळत नव्हतं. टेक टीम दरवर्षी जुनं रजिस्ट्रेशनचं टेबल उडवते आणि नवं बनवते. मग मला दोन वर्षांपूर्वी दिलेला अधिकार या वर्षीच्या टेबलवर कसा चालतो?

याचं उत्तर मजेशीर आहे, आणि थोडं भीतीदायकही. रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडली. ते आयबीएममध्ये होते. अधिकार द्यायचे कसे आणि काढून घ्यायचे कसे, म्हणजे ग्रँट आणि रिव्होक, याची पद्धत आयबीएमच्याच पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी 1976 च्या शोधनिबंधात मांडली. त्यात साखळीचा विचार होता. मी तुला अधिकार दिला, तू तिसऱ्याला दिलास. उद्या मी तुझा काढून घेतला तर त्या तिसऱ्याचाही आपोआप गेला पाहिजे, कारण त्याला तो तुझ्या जिवावर मिळाला होता.

मायएसक्यूएल ही साखळी पाळत नाही. तिथे ज्याचा अधिकार काढायचा त्याचं नाव घेऊनच काढावा लागतो. टेम्पला उडवलं तरी टेम्पने ज्यांना वाटलं ते जागेवर राहतात. टेबल उडवलं तरी त्याच्यावर दिलेले अधिकार उडत नाहीत. त्याच नावाचं नवं टेबल बनलं की जुने हक्कदार पुन्हा हजर. अख्खा डेटाबेस पाडून त्याच नावाने बांधला तरी तेच. आमच्याकडे डेटाबेसचं नाव दरवर्षी 'फेस्ट'. म्हणजे घर पाडून नवं बांधलं, पण जुनीच कुलपं बसवली.

आणि कुणी कुणाला दिलं, हे शो ग्रँट्स सांगत नाही. फक्त आज काय आहे ते सांगतं. सातबाऱ्यासोबत फेरफार मिळतो, नाव कसं आणि कधी चढलं ते त्यात कळतं. इथे तो कागद आपणच ठेवायचा असतो. आमच्या फेस्टने अर्थातच ठेवला नव्हता. साधी वहीसुद्धा नाही.

दोष मुलांचा म्हणावा तर तसंही नाही. आपण शिकतो कसं? लॅपटॉपवर झॅम्प टाकायचं, यूजर रूट, पासवर्ड रिकामा, चला सुरू. ग्रँट आणि रिव्होक पाठ केलेले असतात, फरक स्पष्ट करा म्हणून. पण प्रॅक्टिकलला रूट सोडून दुसऱ्या नावाने कुणी बसलेलं मी तरी ऐकलं नाही. प्रत्येकाला जेवढं काम तेवढाच अधिकार, हे तत्त्व साल्ट्झर आणि श्रोडर यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. पन्नास वर्षांत ते व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत पोचलेलं नाही.

आता तर किल्ल्या माणसांनाच देतोय असंही नाही. जुलै 2025 मध्ये रेप्लिट कंपनीच्या एआय एजंटने एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. काही बदल करायचे नाहीत अशी सूचना दिलेली असताना. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली, आणि सरावाचा डेटाबेस खऱ्या डेटाबेसपासून आपोआप वेगळा ठेवायची सोय आणली. हॉस्टेलवर जे कुणी रात्री दोनला एआयकडून प्रोजेक्ट पूर्ण करून घेतायत, त्यांनी त्याला दिलेल्या यूजरचे ग्रँट्स एकदा बघाच. एजंटला 'पुसू नकोस' असं बजावणं वेगळं आणि त्याच्याकडे पुसायचा अधिकारच नसणं वेगळं.

मग नंबर दिला कुणी?

लॅबमध्ये दीडेक तास झाल्यावर ज्युनिअरही आली. तिने स्क्रीनवरची यादी बघितली आणि सरळ विचारलं, "मग यातल्या कुणी केलं?"

इथे आम्ही तिघंही गप्प.

ग्रँट्सची यादी सांगते, कोण करू शकलं असतं. कुणी केलं, हे ती सांगत नाही. त्यासाठी कोण कधी आलं आणि काय मागितलं याची नोंद लागते, लॉग. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक क्वेरीची नोंद ठेवणारा जनरल लॉग असतो, पण तो मुळात बंद असतो. तो चालू केला की सर्व्हरवर ताण येतो, जागा खातो, म्हणून कुणी करत नाही. आमच्याकडेही बंदच होता. बरं, पाचपैकी एक अकाउंट तर 'टेकटीम' या नावाचं. आठ जण तेच वापरायचे. लॉग असता तरी टेकटीमने केलं एवढंच कळलं असतं. शिवाय माझ्यासारख्या कुणी दोन-तीन वर्षांत एक्सेल काढून कुठे पाठवली असेल तर तिथपर्यंत कुठलाच रिव्होक पोचत नाही.

"म्हणजे कळणारच नाही?" ती म्हणाली. रूममेटने तिला खरं ते सांगितलं. डेटाबेसमधून नाही कळणार. स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे जा, ते त्या नंबरच्या बाजूने शोधतील. सरही होते तिथे, त्यांनी सोबत यायची तयारी दाखवली. ती दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन तक्रार देऊन आली. तपास सुरू आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मला मात्र एक गोष्ट सलत राहिली. तो फॉर्म आपण फेस्टचा फॉर्म म्हणतो. पण त्यात साडेसहाशे मुलामुलींची नावं, नंबर, ईमेल आणि आयकार्डचे फोटो होते. 2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मोठ्या कंपन्या यासाठी माणसं नेमतात. आमच्याकडे एसवायचा एक मुलगा होता, ज्याचा दुसऱ्या दिवशी इंटर्नलचा पेपर होता.

आवराआवर

मला वाटलं, आता धडाधड सगळी अकाउंट्स उडवायची. रूममेट म्हणाली, "अजिबात नाही. आधी कुलूप." अकाउंट न उडवता नुसतं लॉक करता येतं. टेस्ट, टेस्ट2, टेम्प तिन्ही लॉक केली आणि आठ दिवस थांबलो. कुठे काही बंद पडलं का, कुणी ओरडलं का? टेस्ट2 लॉक केल्यावर सर्टिफिकेट छापणारी स्क्रिप्ट बंद पडली. कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिला वेगळं अकाउंट काढून दिलं, फक्त नाव आणि इव्हेंट हे दोन कॉलम वाचता येतील एवढंच. हो, कॉलमपुरता अधिकार देता येतो. दोन वर्षांपूर्वी दादाने मला हेच दिलं असतं तर माझं काम तेवढ्यात भागलं असतं. त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

वेबसाइटच्या अकाउंटचे अधिकार काढून तीनच ठेवले, आणि पत्ता % ऐवजी लोकलहोस्ट, कारण वेबसाइट त्याच मशीनवर आहे. एक बारीक गोष्ट रूममेटने लक्षात आणून दिली. चांदणी-टिंब-चांदणीवरचे अधिकार काढले तरी जे कनेक्शन आधीपासून चालू आहे त्याला ते लगेच लागू होत नाहीत. पुढच्या कनेक्शनपासून होतात. म्हणून वेबसाइट एकदा बंद करून परत सुरू केली, आणि पुन्हा शो ग्रँट्स विचारून खात्री केली. आठ जणांच्या टेकटीमऐवजी आता प्रत्येकाचं वेगळं अकाउंट आहे. टेक हेडने एक वही घातलीय, कुणाला काय दिलं, कधी दिलं, कधी काढायचं. तिसऱ्या पानावरच त्याचं अक्षर बिघडलंय, पण वही आहे.

माझं अकाउंट शेवटी राहिलं होतं. टेक हेड म्हणाला, "ताई, तुमचं काढू ना?" आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. त्याआधी मी ड्राइव्हमध्ये शोधलं. दोन वर्षांपूर्वीच्या तीन एक्सेल सापडल्या, एकीची लिंक 'ज्याच्याकडे लिंक आहे तो बघू शकतो' अशी उघडी. त्या पुसल्या, बिन रिकामा केला, व्हॉट्सॲपवरचा तो स्टार केलेला मेसेजही डिलीट केला. मग ड्रॉप यूजर, माझं नाव, पत्त्यासकट.

स्क्रीनवर आलं, 'क्वेरी ओके, झिरो रोज अफेक्टेड.'